वाघमारे यांचे दोन तारे

प्रल्हाद वाघमारे यांच्यावर अन्याय झाला तो दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, सिंगापूरच्या हौगांगमधल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये. वेळ मला पक्की ठाऊक आहे. त्या मिनिटाला आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची रिबीन सुटली आणि अंकाच्या एकेचाळिसाव्या पानावर, वाघमारे काकांच्या नावाखाली, त्यांनी जन्मात म्हटलं नसतं असं वाक्य जगासमोर आलं. अन्याय करणारे : संपादक शिरीष देवल. अन्यायाला हातभार लावणारी : मी. बाकी साक्षीदार कचोरी खात होते.

आता वाघमारे कोण, ते सांगते.

तुम्ही सिंगापूरमध्ये कधी चिनी सिनेमाला गेला असाल, आणि पाचव्या रांगेत एक पन्नाशी ओलांडलेला सावळा गृहस्थ चष्म्याच्या खालच्या अर्ध्या काचांना काळी इन्सुलेशन टेप चिकटवून ताठ बसलेला दिसला असेल, तर ते वाघमारे काका. त्यांच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. खालची इंग्रजी सबटायटलं दिसू नयेत म्हणून तो बंदोबस्त.

“अक्षर दिसलं की डोळा खाली जाते,” ते सांगतात. “डोळा खाली गेला की माणूस गेला. मग काय बघून राहिले तुम्ही? वर्तमानपत्र!”

या टेपमुळे त्यांना स्वतःची मांडीसुद्धा दिसत नाही. एकदा त्यांनी शेजारच्या चिनी बाईंच्या पॉपकॉर्नमध्ये हात घालून अर्धा सिनेमा काढला. बाईंना वाटलं, बिचारे आंधळे आहेत. त्या डबा त्यांच्याकडे सरकवत राहिल्या, आणि सिनेमा संपल्यावर दंड धरून त्यांना बाहेर घेऊन आल्या. काका मला नंतर म्हणाले, “एवढ्या प्रेमाने आणून राहिली होती, तिला काय सांगू की मला दिसते म्हणून?” एस्केलेटरच्या शेवटच्या पायरीवरही ते मुद्दाम थोडे अडखळले म्हणे.

काका मूळ वर्ध्याचे. नोव्हेनातल्या एका रुग्णालयात यंत्रं दुरुस्त करतात. सलाईनचे पंप, हृदयाचे ठोके दाखवणारे पडदे, असलं सगळं. राहतात बुकित पंजांगला, अकराव्या मजल्यावर, एकटे. तीस वर्षं सर्व्हिस रिपोर्ट लिहून लिहून त्यांना कुठलीही गोष्ट चार रकान्यांतच सांगता येते : तक्रार, निरीक्षण, कारण, उपाय. लग्नाला जाऊन आले तरी असंच. “तक्रार : जेवण उशिरा. निरीक्षण : भटजी फोनवर. कारण : दुसरं लग्न. उपाय : आपण आधी खाऊन जावं.”

आणि एक वाक्य त्यांच्या तोंडात कायम. “आधी प्लग बघा.” म्हणजे, नर्स धावत येते की पंप बंद पडला, कंपनी बोगस आहे, नवा मागवा, आणि काका जाऊन बघतात तर प्लग अर्धवट लागलेला. यावरून त्यांनी अख्खं तत्त्वज्ञान काढलं आहे. सून बोलत नाही? आधी प्लग बघा. देव पावत नाही? काका बौद्ध आहेत, त्यामुळे तिथे ते म्हणतात, “तिथं प्लगच नाही, सोडा.” सिनेमा पोकळ वाटला? आधी प्लग बघा. यंत्रात बिघाड आहे, का तुम्हीच जोडले गेले नाहीत?

माझ्याबद्दल एवढंच सांगते की मी पुण्यात कॉलेजची पाच वर्षं पत्रकं लिहिण्यात घालवली. पाणी, फी, होस्टेल, ग्रंथालयाची वेळ. विषय कुठलाही द्या, रात्रीत एक पान. मग सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी लागून इथे आले आणि आल्याआल्या तिघांनी बजावलं की परवानगीशिवाय इथे पत्रक वाटायचं नाही. माझी सगळी हवाच गेली. मंडळाने दया येऊन मला दिवाळी अंकाची प्रुफं दिली. अन्यायाविरुद्ध लढायची सवय असलेल्या मुलीला ऱ्हस्व-दीर्घाविरुद्ध लढायला बसवलं.

काका मला “पत्रक” म्हणतात. “काय पत्रक, आज कोणाविरुद्ध?”

आमची ओळख झाली ती त्यांच्या मँडरिनमुळे. बुकित पंजांगच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या बाजारात, लिम अंकलचा कॉफीचा स्टॉल आहे. मी रांगेत होते. माझ्यापुढे एक भारतीय माणूस डोळे मिटून, गाणं म्हणावं तसा, चिनीत कॉफी मागत होता. लिम अंकल शांतपणे ऐकत होते. गाणं संपल्यावर म्हणाले, “अंकल, कॉफी, नो शुगर, राइट? इंग्लिश कॅन लाह.”

“नो,” काका म्हणाले. “आय विल से अगेन.”

“से अगेन फॉर व्हॉट? कॉफी ऑलरेडी हिअर.”

“इट इज नॉट फॉर कॉफी.”

रोज सकाळी हे चालतं. कॉफी निवते, काका सूर लावत राहतात. मँडरिनला चार सूर. त्यांनी ते स्वतःच्या वहीत देवनागरीत उतरवून घेतले आहेत, खुणेसकट. पहिला सूर : शाळेची घंटा, एकसारखी. दुसरा : दाराबाहेर कोणी हाक मारली की आपण म्हणतो तसं “काऽय?” तिसरा : जावयाने पगार सांगितल्यावर सासू म्हणते तसं “असंऽऽ?” चौथा : “गप!” त्यांच्या वहीत प्रत्येक चिनी शब्दावर घंटा, काय, असं, गप अशी बारीक टिपणं आहेत. एखादं वाक्य ते मोठ्याने वाचू लागले की भांडण चाललंय असं वाटतं.

ही भाषा या वयात, कुठलाही उपयोग नसताना, कम्युनिटी क्लबात जाऊन चार वर्षं का शिकले, हे मी त्यांना पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. ते म्हणाले, “सिनेमासाठी.” मला ते पटलं. माणूस चष्म्याला टेप लावतो तर भाषाही शिकेल.

आता तो सिनेमा. त्याचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं की तुम्ही लगेच फोन काढून त्याचे तारे बघाल, आणि तुमचं मत तिथेच ठरेल. काळ तीसच्या दशकातला, समुद्रकाठचं एक चिनी बंदर. एक बाई हातमोजे शिवते. तिच्या वरच्या खोलीत एक भाडेकरू येतो. तो खबऱ्या आहे हे तिला कळतं, आणि तिच्या गुप्त संघटनेतल्या माणसांनी त्याला पकडून देण्याचं काम तिच्यावरच सोपवलेलं आहे हे त्याला कळतं. दोघं एकमेकांना काही सांगत नाहीत. हिरव्या काचेचे दिवे, गळ्यापर्यंत बटणं लावलेले रेशमी झगे, धूर, आरसे आणि एक लाकडी जिना. शेवटी खाली पिस्तुलं घेऊन माणसं उभी असतात. ती दार उघडते, त्याला दोन शब्द बोलते. तो जिना उतरतो. बस.

समीक्षकांनी हा सिनेमा धुतला. इंग्रजीतली जेवढी परीक्षणं मी नंतर वाचली त्यांत एकच सूर : देखणा आहे, पण आत काही नाही. एकाने लिहिलं की शिंप्याला पारितोषिक द्या, पटकथाकाराला नको. सगळ्यांत जास्त मार त्या जिन्याला. नायक मरायला निघालाय आणि दिग्दर्शक त्याला जिना उतरवायला अडीच मिनिटं लावतो! पाय, कठडा, पाय, सावली, पाय. कोणी लिहिलं, दिग्दर्शकाचं नायिकेपेक्षा जिन्यावर प्रेम आहे. कोणी लिहिलं, तेवढ्यात मी घरी फोन करून आले.

काकांनी तो सिनेमा पाच वेळा पाहिला. परीक्षणं मात्र सगळी छापून घेतली, आणि लाल पेनाने प्रत्येकाच्या समासात लिहिलं : “प्लग.”

एका रविवारी सकाळी त्यांनी मला हॉकर सेंटरवर बोलावलं. समोर ती सगळी परीक्षणं पसरलेली.

“पत्रक, सांग. ती दारात त्याला काय म्हणते?”

“गुडबाय,” मी म्हटलं. मी आदल्या दिवशी बघून आले होते, टेप न लावता. “खाली तसं लिहून येतं.”

“खाली लिहून येते! ती काय म्हणते?”

“मला चिनी येत नाही, काका.”

“मान झौ,” काका म्हणाले. मग टिपण बघून पुन्हा, “मान, गप. झौ, असंऽऽ. मान झौ. शब्दाला शब्द लाव. मान म्हणजे सावकाश. झौ म्हणजे चाल, जा. सावकाश जा! घरी आलेल्या पाहुण्याला घरचं माणूस दारात उभं राहून म्हणते ते. चिन्यांचा रोजचा निरोप आहे तो. आपण काय म्हणतो दारात?”

मी कॉफी खाली ठेवली.

“आपण गुडबाय म्हणतो का? आपण म्हणतो, सावकाश जा. आमच्याकडे म्हणतात सावकाश जाजो. आता सांग, त्याला जिना उतरायला अडीच मिनिटं काऊन लागली?”

मग ते लिम अंकलकडे वळले. त्यांनी सिनेमा पाहिला नव्हता. काकांनी त्यांना प्रसंग सांगितला : अर्धा मँडरिनमध्ये, अर्धा इंग्रजीत, जिना हाताने. अंकल कप पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, “शी से वॉक स्लोली, सो ही वॉक स्लोली लाह. व्हॉट इज देअर टू आस्क?”

“बघ!” काका टेबलावर हात आपटून ओरडले. शेजारच्या टेबलावरचं सूप हललं. “बघ! ज्याचा प्लग लागला आहे त्याला सिनेमा बघावासुद्धा लागला नाही! रोजचा शब्द आहे, तोंडातून निघून जाते, कोणी ऐकत नाही. हा ऐकतो. खाली मरण उभं आहे, पळायला जागा नाही, तिचं एवढंच एक ऐकणं त्याच्या हातात उरलं आहे. ती सावकाश जा म्हणाली, हा सावकाश जाऊन राहिला. आणि हे शहाणे घड्याळ बघून राहिले!”

मला कबूल करायला हवं की मी त्या दिवशी सिनेमाकडे परत गेले, दुपारच्या खेळाला, आणि खालच्या ओळीवर तळहात धरून जिना पाहिला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मला चीड आली ती तिथेच. इंग्रजी वाचून लिहिणाऱ्यांना हे कळलं नाही, ठीक. पण इथल्या मराठी लोकांनी तीच परीक्षणं ग्रुपवर फिरवली, तेच तारे दाखवून एकमेकांना सांगितलं की जाऊ नका, नुसता कपड्यांचा सिनेमा आहे. ज्यांच्या प्रत्येक दारात रोज हे वाक्य बोललं जातं, त्यांनी! आपल्याला तर सबटायटलची गरजच नव्हती.

“काका, लिहा,” मी म्हटलं. “अंकात लिहा. मी देवलांना सांगते.”

मीच म्हटलं.

ते घाबरले. रिपोर्टशिवाय कधी काही लिहिलं नव्हतं. तीन आठवडे लिहीत होते. आठ पानं झाली, फुलस्केप, दोन्ही बाजूंनी, चार रकान्यांत. देवलांना ती त्यांनी स्वतः नेऊन दिली, इस्त्रीचा शर्ट घालून. मला म्हणाले, “तू वाचू नको. छापल्यावर वाच. छापल्यावर वेगळं लागते.” आणि एक विचारलं, सहज विचारावं तसं : “एक प्रत भारतात टपालाने जाईल ना?”

आता देवल. शिरीष देवल बँकेत मोठ्या पदावर आहेत, काँडोत, म्हणजे तरणतलाववाल्या महागड्या सोसायटीत, राहतात, आणि सज्जन आहेत. सगळं नुकसान इथे सज्जन माणसांनी केलेलं आहे, दुष्टांना एवढा वेळ नसतो. त्यांना आठ पानं मोठी वाटली. त्यांनी त्याच्या नऊ ओळी केल्या. नऊ ओळींत कथानक बसलं, कपडे बसले, दिवे बसले. जिना बसला नाही. मत हवं म्हणून त्यांनी इंटरनेटवर पाहिलं, सगळे काय म्हणतात ते. मग वर मथळा दिला : “दिसायला देखणा, आतून पोकळ”. शेजारी पाचपैकी दोन तारे. खाली नाव : प्रल्हाद वाघमारे, बुकित पंजांग.

आणि ते प्रूफ माझ्याकडे आलं.

मी ते पाहिलं. मला विचित्र वाटलं. मला माहीत होतं काकांचं मत काय आहे, टेबलावरचं सूप हललेलं मी पाहिलं होतं. पण छापखान्याची मुदत होती, ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरची रिलीज होती, आणि मला वाटलं, लिहिताना मत बदललं असेल, विचारू नंतर. मी “देखणा”चा णा तपासला. बरोबर होता. मी सही केली. फोन उचलायला किती लागलं असतं? या जगातल्या प्रत्येक कारकुनाला मी पत्रकातून हा प्रश्न विचारलेला आहे.

त्या शनिवारी हॉलमध्ये काका सगळ्यांच्या आधी आले होते. रिबीन सुटल्यावर पहिल्या दोन प्रती त्यांनी घेतल्या. एक न उघडताच लिफाफ्यात घातली. लिफाफा घरूनच पत्ता घालून, चिकटवायची बाजू दुमडून आणला होता. पोस्ट ऑफिस दुपारी बंद होतं म्हणून तसेच निघाले. मी हाक मारली, “काका, कचोरी तरी!” त्यांनी लिफाफा वर करून दाखवला. इतका हसलेला माणूस मी इथे पाहिला नव्हता.

दुसरी प्रत त्यांनी परतताना एलआरटीच्या गाडीत उघडली. लिफाफा तोवर गेला होता.

सोमवारी देवलांना एक सर्व्हिस रिपोर्ट मिळाला. “तक्रार : माझ्या नावाने दुसऱ्याचं मत. निरीक्षण : मूळ आठ पाने, छापील नऊ ओळी. कारण : अज्ञात. उपाय : मूळ मजकूर छापावा, निदान शेवटचे पान.” देवलांनी त्याचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली हसून डोळ्यांत पाणी आलेली तीन तोंडं. मग एकाने चहाचा रिपोर्ट लिहिला, दुसऱ्याने बायकोचा. दिवसभर सगळे चार रकान्यांत विनोद करत होते. काका त्या ग्रुपवर आहेत. त्यांनी प्रत्येक विनोद वाचला, टाकणाऱ्यांना निळ्या खुणा दिसत होत्या.

ऑफिसातली रिलीज संपल्यावर, दोन आठवड्यांनी, मी देवलांकडे गेले.

“अगं, पोकळ म्हणजे काही वाईट नाही,” ते म्हणाले. “पोकळ असतो म्हणून तर बांबूची बासरी होते.”

“मग तुमच्या संपादकीयाला पोकळ म्हणू?”

“तू फार लगेच चिडतेस. हे बघ, वाघमारे माणूस सोन्यासारखा आहे. पण भाषा जरा घरगुती आहे त्यांची. जाजो-फाजो. आणि शेवटी अगदीच खासगी मजकूर होता. परीक्षणात तो शोभत नाही. उलट मी त्यांना वाचवलं.”

“त्यांच्या घरातली ती घरगुती आणि तुमच्या घरातली ती मराठी, असं का?”

“यात हे सगळं आणू नकोस,” देवल म्हणाले, आणि चहा आणायला आत गेले. चहा चांगला होता. मी प्यायले. हेही लिहून ठेवते.

मूळ आठ पानं मात्र मी मागून घेतली. खाली उतरून काँडोच्या तरणतलावाशेजारी बसून शेवटचं पान वाचलं, आणि थेट बुकित पंजांगला गेले.

काकांनी दार उघडलं. टेबलावर चष्मा होता, टेप काढलेला. काचांवर गोंदाचे डाग तेवढे राहिलेले.

“छपाई चांगली आहे,” ते म्हणाले. “शुद्धलेखनाची एक चूक नाही. तुझं काम दिसते.”

यापेक्षा त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, शेवटचं पान वाचलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी थोडक्यात सांगते, कारण ते त्यांनीही थोडक्यातच सांगितलं.

त्यांची पत्नी ललिता शेवटच्या आजारात सहा आठवडे वॉर्डात होती. वॉर्डात फरशी पुसणाऱ्या एक चिनी मावशी तिच्याशी रोज बोलायच्या. ललिताबाईंना मराठीशिवाय काही येत नव्हतं, मावशींना मँडरिनशिवाय. दोघी तास तास बोलायच्या. काका डबा घेऊन गेले की ललिताबाई सांगायच्या, “मावशीच्या सुनेचं काही खरं नाही.” कसं कळलं, विचारलं तर म्हणायच्या, “बोलली ना ती.” काकांना वाटे, औषधाने भ्रम होतोय.

मावशी नंतर काम सोडून गेल्या. ललिताबाई वारल्या त्या सकाळी मात्र मावशी तिथे होत्या. आणि त्यांनी काहीतरी म्हटलं. काकांनी ते रिपोर्टच्या कागदामागे देवनागरीत लिहून घेतलं आणि भेटेल त्या चिनी माणसाला वाचून दाखवलं. सूर नसल्यामुळे कोणाला कळेना. शेवटी क्लबात नाव घातलं. पहिल्याच दिवशी वर्ग सुटल्यावर शिक्षिका दारात उभी राहिली आणि प्रत्येकाला तेच म्हणाली.

“मग पहिल्याच दिवशी कळलं तर चार वर्षं का शिकलात?” मी विचारलं.

“बाकीचं काय बोलून राहिल्या होत्या दोघी, तेही कळायला पाहिजे ना,” काका म्हणाले. “मावशी भेटली कुठं तर विचारता यावं.”

लिफाफा वर्ध्याला गेला होता, ललिताबाईंच्या आईंकडे. त्या म्हातारीने जावयाशी इतक्या वर्षांत एकच गोष्ट धरून ठेवली आहे : माझी पोर परक्या मुलखातून कोणी न बोलता गेली, जा म्हणायलासुद्धा आपलं माणूस नव्हतं. काका त्या वेळी तिथे होते, पण त्यांच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता, आणि त्यांनी ते खोटं सांगितलं नाही.

“फोनवर सांगायचं,” मी म्हटलं. “आज सांगा.”

“सांगितलं असतं. ती म्हणेल, माझं मन राखायला बनवून राहिले. छापलेलं असलं की खरं असते तिच्यासाठी.” मग म्हणाले, “काल तिचा फोन आला होता. म्हणाली, अंक पोचला. जावईबापू, वाचलं तुमचं. बरं आहे.”

तिने काय वाचलं? देखणा आणि पोकळ. दोन तारे.

काका आता सिनेमाला जात नाहीत. क्लबही सोडला. लिम अंकल सांगतात की ते कॉफी इंग्रजीत मागतात, एका दमात, आणि निघून जातात. “नाऊ व्हेरी फास्ट,” अंकल म्हणाले. “आय डोन्ट लाइक.”

देवलांनी कापलेलं शेवटचं पान हे. एक अक्षर बदललेलं नाही.

“निरीक्षण : हे शब्द मी सिनेमात पहिल्यांदा ऐकले नाही. माझी पत्नी ललिता हिला वॉर्डातून खाली नेताना फरशी पुसणाऱ्या मावशींनी काठी भिंतीला टेकवली, हात पुसले आणि तिला म्हणाल्या, मान झौ. मला भाषा येत नव्हती. मला फक्त मान कळलं. वाटलं, ललिताची मान कलली आहे, ते सांगून राहिल्या. म्हणून मी उशी नीट केली आणि मान सरळ केली. मावशींनी पुन्हा म्हटलं. मी पुन्हा सरळ केली. कारण : मला माहीत नव्हतं. वर्ध्याला आईंनी वाचावं की त्यांची मुलगी कोणी न बोलता गेली नाही. घरच्या बाईने पाहुणीला म्हणावं तसं एका बाईने तिला दोन वेळा म्हटलं, सावकाश जाजो. उपाय : नाही.”

उपाय आहे. मंडळाच्या घटनेत लिहिलंय की पंधरा सभासदांनी सह्या करून मागणी केली तर संपादकाला दुरुस्तीचं पान छापावं लागतं. मी दीड महिना सह्या गोळा करत फिरते आहे. लोक म्हणतात, एवढ्याशा सिनेमासाठी? लोक म्हणतात, देवलांना वाईट वाटेल. माझ्या कागदावर आजवर दोन सह्या झाल्या : एक माझी, आणि एक लिम अंकलची, चिनीत, जी देवलांनी सभासद नाही म्हणून बाद केली.

मला काही आशा उरलेली नाही. तरी सांगते. या मजकुराखाली जागा कोरी सोडली आहे. तिथे आपलं पूर्ण नाव लिहा, सही करा, आणि पान फाडून रविवारच्या आत माझ्या हातात द्या. वर्ध्याच्या बाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. सही करा.